त्रेचाळीस सेकंद

आई : बोलायची भाषा नव्हे म्हणतोस, आणि एकीनं दुसरीकडून उसनं घेतलं म्हणतोस. मग ती बोलतं तरी कोण?

पाहुणा : बोलत कुणी नाही, काकू. लिहितात. यंत्रानं काय करायचं ते त्याला लिहून सांगायचं, त्याच्या भाषा. अशा शेकड्यांनी आहेत. एकीला काही चांगलं सुचलं की दुसऱ्या ते उचलतात.

आई : विचारून?

पाहुणा : नाही. तशी पद्धत नाही. कधी खाली नाव लिहितात, कधी तेही नाही.

आई : म्हणजे चोरीच की.

पाहुणा : मास्तरीणबाई आधी असंच म्हणायच्या. मग म्हणायला लागल्या, चोरीला गेलेली वस्तू घरातून नाहीशी होते. ही आपल्याकडेही राहते आणि त्यांच्याकडेही. मग रागवायचं कशावर?

आई : कोण मास्तरीणबाई?

पाहुणा : आमच्या... म्हणजे तुमची लेक. प्रयोगशाळेत सगळे तसंच म्हणायचे. आमच्या चुका लाल पेननं काढायच्या ना.

आई : आमची बयो? मास्तरीण? घरात हातातली कपबशी विसळायची नाही कधी. बस, असा दारात उभा राहू नकोस पाहुण्यासारखा. तू उसन्याच ना? तिच्या तोंडात सारखं असायचं. आज उसन्यानं पेन नेलं, आज उसन्यानं छत्री नेली.

पाहुणा : हो. तोच मी. हे परत द्यायला आणलंय.

आई : काय आहे?

उसन्या : स्टॉपवॉच. त्यांचं. माझ्या खणात होतं.

आई : दोन वर्षं?

उसन्या : ...हो.

आई : तिच्या कामावरचे सगळे येऊन गेले. हार घेऊन आले, तिच्या पगाराचे कागद घेऊन आले, तिच्या खुर्चीवरची उशीसुद्धा आणून दिली कुणी. तूच तेवढा आला नाहीस.

उसन्या : यायचं होतं, काकू. गल्लीच्या तोंडापर्यंत आलोही होतो दोनदा.

आई : गल्लीच्या तोंडापासून परत गेलास! बरं, आलास ना आता. मला तुला एकच विचारायचंय. आणि उत्तर तुलाच ठाऊक असणार, कारण त्या सकाळी दवाखान्यात तिच्याजवळ तू होतास.

उसन्या : काकू, मी आधी कामाचं...

आई : ऐकून घे. किरकोळ ऑपरेशन आहे म्हणाली, तू एवढा प्रवास करू नकोस, घरी सोडलं की ये. आदल्या संध्याकाळी त्यावरून आमचं वाजलं. म्हणाली, सकाळी आत नेण्याआधी फोन करीन, पण तू थोडीच उठणार आहेस जपातून, तुझा देव माझ्याआधी. मीही बोलले काहीबाही. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. वाजला आणि मधेच बंद पडला. दुपारी पुन्हा वाजला, तो दवाखान्याचा. तो मात्र मी पोचेपर्यंत वाजत राहिला. तर तिनं सकाळी फोन का तोडला, तेवढं सांग. रागात होती का?

उसन्या : मी... आधी कामाचं विचारू का? उद्या सकाळी मत घ्यायचंय. समिती बसणार आहे.

आई : विचार. दोन वर्षं थांबलेय, अजून घटकाभर थांबेन. पण उत्तर घेतल्याशिवाय तुला सोडणार नाही, हे लक्षात ठेव.

उसन्या : मास्तरीणबाईंनी एक भाषा केली होती, बारा वर्षांपूर्वी. छोटीशी. डोंगरावर वारा मोजायच्या पेट्या असतात, त्या एकमेकींशी बोलायच्या, त्यांच्यासाठी. आम्ही सहाजण वापरायचो फक्त.

आई : आठवतंय. सारखी पेट्या पेट्या करायची. मला वाटायचं कपड्यांच्या.

उसन्या : त्या भाषेत एक गोष्ट होती, ती कुठेच नव्हती. एका पेटीनं दुसरीला काही विचारलं तर उत्तराची किती वेळ वाट बघायची, आणि नाहीच आलं तर काय करायचं, हे दोन्ही लिहायचं. बाकीकडे लोक पहिलं लिहायचे, दुसरं विसरायचे. मग यंत्र आपलं वाट बघत बसायचं. जन्मभर.

आई : माणसंही बसतात.

उसन्या : त्यांच्या भाषेत 'नाहीतर' लिहिल्याशिवाय पुढे जाताच यायचं नाही. नाहीतर काय, ते सांगा, मगच चालणार. त्यावरून आम्हाला इतकं बोलायच्या!

आई : हे माझ्याकडून उचललंय तिनं. ऊठ नाहीतर बघ, जेव नाहीतर बघ. दिवसभर नाहीतर, नाहीतर. एकदा कमरेवर हात ठेवून विचारलं मला, एवढीशी होती, नाहीतर काय ते सांग ना. मला काही सुचेना! नाहीतरच्या पुढे मी कधी गेलेच नव्हते.

उसन्या : हे त्यांनी आम्हाला सांगितलं नाही कधी.

आई : आईकडचं उचललेलं कोण सांगतंय. बरं, मग?

उसन्या : मग दुसऱ्या एका भाषेनं ते उचललं. पण अर्धंच. थांबणं घेतलं, आणि 'नाहीतर' वाटलं तर लिहा, नाही तर राहू द्या, असं केलं. मास्तरीणबाई आठवडाभर धड जेवल्या नव्हत्या.

आई : मला म्हणाली पोट बिघडलंय! मी इथून ओव्याच्या पुड्या पाठवल्या.

उसन्या : त्या मी खाल्ल्या.

आई : नावाला जागलास अगदी.

उसन्या : मग तिसरीनं त्या दुसरीकडून उचललं, आणि 'नाहीतर' परत सक्तीचं केलं. त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना चहा पाजला. आता मोठी भाषा घेतेय. मोठी म्हणजे जगातले निम्मे लोक तीच लिहितात. फार मानी आहे ती. दहा वर्षं हसत होती या गोष्टीला, आता घेतेय. उद्याच्या मतानंतर.

आई : आणि बयोची? ती छोटी?

उसन्या : ती... शेवटची पेटी गेल्या महिन्यात उतरवली डोंगरावरून. आता ती भाषा कुणी लिहीत नाही.

आई : म्हणजे तीही गेली.

उसन्या : हो.

आई : मला कुणी कळवलं नाही.

उसन्या : अशा गोष्टी कळवत नाहीत, काकू. कुणाला कळतही नाहीत. एक दिवस शेवटचा माणूस उठतो आणि दिवा बंद करतो.

आई : तो शेवटचा माणूस कोण होता?

उसन्या : मीच.

आई : पाणी पी. ते झाकण काढ तांब्यावरचं. हं. आता यात मला विचारण्यासारखं काय आहे? मला तर साधा मोबाइलही धड लावता येत नाही.

उसन्या : एक आकडा आहे. किती थांबायचं हे तुम्ही लिहिलं नाहीत, तर भाषा आपण होऊन थांबते. त्रेचाळीस सेकंद. आता त्रेचाळीस कुणी ठेवतं का? तीस ठेवतील, साठ ठेवतील, गोल आकडा. मास्तरीणबाईंनी त्रेचाळीस ठेवले, आणि शेजारी टिपण लिहिलं, 'कमी करू नका. का, ते माझ्या घरी विचारा.'

आई : माझ्या घरी?

उसन्या : आणि गंमत म्हणजे दुसऱ्या भाषेनं आकडा उचलला तसं टिपणही उचललं. तिसरीनंही. तिन्ही ठिकाणी लिहिलंय, माझ्या घरी विचारा. कुणाचं घर, कुठलं घर, कुणाला ठाऊक नाही. आता मोठ्या भाषेचे लोक म्हणतात, कारण सांगा, नाहीतर तीस करतो. कारणाचा रकाना रिकामा आहे. म्हणून... मी घरी विचारायला आलो.

आई : हे स्वेटरसारखंच झालं.

उसन्या : कुठला स्वेटर?

शेजारीण : आहात का? दार उघडंच दिसलं. अगं बाई, पाहुणे आहेत होय! मी आपली दोन मिनिटं. नऊ नंबरच्या सुया द्या ना. माझी एक नातवानं वाकवली, मेल्यानं पाठ खाजवायला घेतली होती.

आई : त्या डब्यात आहेत, निळ्या. आता कुणासाठी घातलास?

शेजारीण : धाकट्या सुनेच्या भावासाठी. तुमच्याच विणीचा. सतरावा हा माझा! डाव्या खांद्याला चार टाके जास्त, बरोबर ना? मी सगळ्यांना शिकवते, डावीकडचे चार विसरायचे नाहीत, त्यातच खरी वीण आहे. येते हं. बसा तुम्ही, बसा. उद्या देते सुया.

आई : उद्या म्हणजे पुढच्या थंडीत. गेली ना? ऐकलंस? डाव्या खांद्याला चार टाके जास्त.

उसन्या : का असतात?

आई : खऱ्या विणीत नसतातच. बयोच्या बाबांचा डावा खांदा खाली पडला होता, लहानपणीचं दुखणं. सरळ स्वेटर त्यांच्या अंगावर लोंबायचा. म्हणून मी तिकडे चार टाके जास्त घातले. हिनं माझा स्वेटर मांडीवर घेऊन टाके मोजले आणि तसाच्या तसा उतरवला. हिच्याकडून कोपऱ्यावरच्या शिंपिणीनं, तिच्याकडून शाळेतल्या बाईंनी. आता गल्लीतली निम्मी पोरं डाव्या खांद्याला फुगलेली हिंडतात.

उसन्या : तुम्ही सांगितलं नाहीत कधी?

आई : सांगणार होते. मग हे गेले. थंडी पडली, पोरं स्वेटर घालून बाहेर आली, आणि मला गल्लीभर यांचा खांदा दिसायला लागला. आता कशाला सांगू?

उसन्या : हे स्टॉपवॉच कुठे ठेवू, काकू?

आई : ते स्टॉपवॉच दे बघू इकडे. हेच ते! फोनखालची वही काढ, शेवटचं पान. तिचं अक्षर आहे, पेन्सिलीनं.

उसन्या : 'पस्तीस. पन्नास, पातेल्याला पाय लागला. चव्वेचाळीस, वाटेत देवाला नमस्कार केला.' हे काय आहे?

आई : मी आहे ते. मागच्या खोलीत ऊन येतं, मी दिवसभर तिथेच. फोन पुढे. गुडघे तेव्हाही असेच. लोक चार वेळा वाजवून ठेवून द्यायचे, मी येईपर्यंत सगळं शांत. एकदा सुट्टीत आली आणि म्हणाली, आई, मागून ये चालत, मी मोजते. तीनदा चालवलं मला, हे घड्याळ हातात धरून! मी म्हटलं, माझी शर्यत लावतेस होय. हसून हसून भिंतीला धरून उभी राहिले मधेच.

उसन्या : पस्तीस, पन्नास, चव्वेचाळीस. एकशे एकोणतीस. भागिले तीन...

आई : किती?

उसन्या : त्रेचाळीस.

आई : बघू ती वही.

उसन्या : काकू?

आई : म्हणजे त्या डोंगरावरच्या पेट्या...

उसन्या : हो. सगळ्या तुमच्यासाठी थांबायच्या.

आई : आणि स्वतः नाही थांबली. सगळ्या जगाला थांबायला लावलं, आणि त्या सकाळी स्वतः नाही थांबली. आता सांग. माझं उत्तर राहिलंय.

उसन्या : काकू, तुमचं आसन इथे फोनपाशी कसं? त्या तर म्हणायच्या, जप मागच्या खोलीत.

आई : त्या दिवसापासून इथेच बसते. विषय बदलू नकोस.

उसन्या : फोन त्यांनी नाही तोडला.

आई : मग?

उसन्या : त्यांच्या हाताला सलाईन होतं. नंबर मी फिरवला, रिसीव्हर त्यांच्या कानाशी मीच धरला होता. वॉर्डातला फोन होता, भिंतीवरचा. तो आपोआप बंद पडला. तीस सेकंदांनी पडतो तो. कुणीतरी तसं ठेवलंय त्यात. गोल आकडा.

आई : आपोआप.

उसन्या : हो.

आई : ती काय म्हणाली?

उसन्या : फोन वाजत होता तेव्हा मी म्हटलं, काकू जपात असतील, राहू द्या. तर म्हणाल्या, 'माझा फोन आहे, उठेल ती. वाजू दे. येतेय आई.'

आई : परत सांग.

उसन्या : 'माझा फोन आहे, उठेल ती. वाजू दे. येतेय आई.'

आई : उठलेच होते रे मी. पहिल्या घंटीला माळ खाली ठेवली. आयुष्यात पहिल्यांदा अर्धा जप टाकून उठले. उंबऱ्याशी होते, हात असा पुढे केला होता. ...तिला ठाऊक होतं म्हणजे.

उसन्या : ठाऊक होतं, काकू.

आई : मग? बंद पडल्यावर?

उसन्या : म्हणाल्या, पुन्हा लाव.



आई : आणि तू नाही लावलास.

उसन्या : स्ट्रेचरची ढकलगाडी आली होती. नर्स म्हणाली, चला, उशीर होतोय. मी म्हटलं, बाहेर आलात की लावू, निवांत बोला. त्या म्हणाल्या, बरं. हसल्या. म्हणाल्या, तुझं 'नाहीतर' कच्चंच राहिलं, उसन्या.

आई : दहा-अकरा आकडे फिरवायचे होते.

उसन्या : हो.

आई : मी उभीच होते इथे. वाटलं, पुन्हा वाजेल. अर्धा तास उभी होते.

उसन्या : मी तेव्हाच लावायला हवा होता, काकू. बाकीचे आले तेव्हा मी म्हणूनच आलो नाही. आज आकड्याचं निमित्त मिळालं नसतं तर आजही... समितीसाठी तुम्हाला पत्रानं विचारलं असतं तरी चाललं असतं.

आई : दोन वर्षं मला वाटत होतं, लेक माझ्यावर रागावून गेली. रोज सकाळी इथे बसून तिची क्षमा मागितली मी. देवाचं नाव घ्यायच्या आधी. तू आधी यायला हवं होतंस.

उसन्या : हवं होतं.

आई : फार आधी.

उसन्या : हो, काकू.

आई : त्यात रडायचं नाही. मी रडले नाही अजून, तू कशाला सुरुवात करतोस. तो पंचा घे. ...किती वाजता आहे तुझी समिती?

उसन्या : सकाळी आठला.

आई : तीस होऊ देऊ नकोस.

उसन्या : नाही होऊ देणार. कारणाच्या रकान्यात काय लिहू?

आई : आहे ते लिही. आई मागच्या खोलीत असते. गुडघे दुखतात. उठते आणि येते. एवढंच. माझं नाव नको, तिचंही नको. स्वेटरच्या खांद्याला कुठे नाव लिहिलंय.

उसन्या : पण काकू, आता तुम्हाला जास्त वेळ लागत असेल. मघाशी तुम्ही दाराशी आलात तेव्हा... बारा वर्षं झाली त्या मोजण्याला. साठ मागून बघू का? देतील ते.

आई : नको. तिनं मोजलेत तेवढेच राहू देत. मी जरा पाय उचलीन. ते आसन धर तिकडून, मागे नेऊन ठेवू. हळू, माळ आहे त्यावर. हं. उद्या सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मला फोन कर.

उसन्या : जपाच्या वेळेला?

आई : जपाच्याच. उठेन मी.

उसन्या : करतो. आणि... त्रेचाळीसातही नाही पोचलात तर? नाहीतर?

आई : नाहीतर पुन्हा लाव, बाळा.